छोटी बाटली महाग का असते, आणि तरीही ती का विकली जाते?



गेल्या बॅचमध्ये आगाशीच्या एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांना कोकम सोडा बाटलीत भरून विकायचाय. "मॅडम, मोठी बाटली काढू की छोटी? छोटी स्वस्त पडेल, म्हणजे लोक जास्त घेतील ना?"

मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही, कारण एका वाक्याच्या त्या प्रश्नात दोन चुका लपलेल्या आहेत. पहिली, छोटी बाटली स्वस्त पडते हे. दुसरी, ती स्वस्त असते म्हणून विकली जाते हे. या दोन चुकांपायी कितीतरी घरगुती धंद्यांचा पहिलाच माल तोट्यात गेलेला मी पाहिलाय. माझ्या स्वतःच्या दुकानातही गेलाय, ते पुढे सांगते.

हे समजून घ्यायला मला सगळ्यात चांगलं उदाहरण सापडलं ते स्पार्कलिंग वाइनचं. म्हणजे ती फसफसणारी वाइन, जिचं बूच उडवून लग्नात, नाहीतर क्रिकेटच्या मैदानावर फवारे मारतात. आधीच सांगते, मी कोणाला प्यायला सांगत नाहीये. न पिणाऱ्यांनीही वाचा, इथे विषय बाटलीचा आहे. आणि पिणाऱ्यांसाठी, महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं.

"ही उघडली तर संपवणार कोण?"

माझं दुकान गिफ्ट हॅम्परचं, वसईत. वसईत नाताळ म्हणजे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. तीन वर्षांपूर्वी मी नाताळसाठी द्राक्षाचा फसफसता ज्यूस आणला होता. अल्कोहोल नाही, पण बाटली अगदी शॅम्पेनसारखी, ७५० मिलीची, सोनेरी कागद लावलेली. काउंटरवर काय देखणी दिसायची! ४० बाटल्या आणल्या, नवीन वर्ष उजाडेपर्यंत ११ गेल्या.

एक आंटी रोज यायच्या, बाटली हातात घ्यायच्या आणि परत ठेवायच्या. शेवटी मी विचारलंच. म्हणाल्या, "अगं, पोरं दोन्ही कॅनडात. घरात आम्ही दोघंच. ही उघडली तर संपवणार कोण? उद्या सकाळी नुसतं गोड पाणी."

किंमत त्यांना जड नव्हती. जड होती ती बाटली उघडायची जबाबदारी.

पुढच्या वर्षी मी तोच प्रकार २०० मिलीच्या बाटलीत मागवला. आंटींनी नाताळला दोन नेल्या. फेब्रुवारीत परत आल्या, लग्नाचा वाढदिवस होता म्हणून. मग पावसाळ्यात एकदा आल्या, अंकलचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून. मोठी बाटली वर्षातून एकदासुद्धा घरी गेली नव्हती, छोटीने वर्षात तीन फेऱ्या केल्या. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर कोणी ७५० मिलीची बाटली फोडत नाही. पण प्रसंग तर तो होताच ना?

बुडबुड्याचं गणित

आता हे वाइनमध्येच इतकं ठळक का दिसतं, ते बघू. साधी लाल वाइन उघडून बूच लावून ठेवली, तर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस निघतात. रम-व्हिस्की महिनोन्‌महिने राहते. स्पार्कलिंगचं तसं नाही. तिच्यात कार्बन डायऑक्साइड वायू दाबाने विरघळलेला असतो. पूर्ण फसफसणाऱ्या वाइनमध्ये हा दाब ५ ते ६ बार असतो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन असतो, म्हणजे त्याच्या दुपटीहूनही जास्त. एका ७५० मिलीच्या बाटलीत सुमारे ५ लिटर वायू कोंडलेला असतो. म्हणून ती काच एवढी जाड, बुचावर तार, आणि बुडाला आतून खळगा. बूच निघालं की वायू बाहेर पडायला लागतो आणि तो परत आत घालता येत नाही. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवला की बुडबुडे टिकतात असं काही लोक सांगतात, त्यात तथ्य नाही. चांगलं घट्ट झाकण मिळतं, त्याने एखादा दिवस निभावतो.

७५० मिली म्हणजे १२५ मिलीचे सहा ग्लास. नवरा-बायकोने एकेक ग्लास घेतला की चार ग्लास उरले. ते आज रात्रीच प्यायचे, नाहीतर ओतून द्यायचे. मग माणूस काय करतो? बाटली उघडतच नाही. 'कोणी पाहुणे आले की उघडू' म्हणत ती कपाटात राहते. पाहुणे येतात तेव्हा लक्षात येतं की ती गार करायला ठेवायची राहिलीच. पुन्हा कपाटात! स्पार्कलिंग ही 'फक्त मोठ्या प्रसंगाची' गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं, त्यात अर्धा वाटा चवीचा नाही, बाटलीच्या मापाचा आहे.

आता तीच वाइन १८७ किंवा २०० मिलीत आली तर? दीड ग्लास. दोघांत एक छोटी पुरते, लहर लागली तर दोन. गार लवकर होते. उरायचा प्रश्नच नाही. मग रविवारचा तळलेला बोंबील हासुद्धा प्रसंग होतो, आणि खरं सांगू का, तळणाबरोबर ही वाइन फार छान जाते, कारण तिचा आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचं तेल उतरवतात. पावसातल्या कांदाभजीबरोबरही तेच. बाटली लहान झाली की प्रसंग लहान चालतो.

एक सावधगिरीची गोष्ट. छोट्या बाटलीतली वाइन मोठीपेक्षा लवकर म्हातारी होते. त्यामुळे ती साठवायची नाही, आणायची आणि संपवायची. दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर हा माल लवकर फिरवायचा आहे, गोदामात ठेवायचा नाही.

हे जगात कोणी केलं?

जर्मनीत हेंकेल नावाची जुनी स्पार्कलिंग कंपनी आहे. तिने १९३५ साली २०० मिलीची 'पिकोलो' बाजारात आणली. हे नाव तिकडे इतकं रुळलं की छोट्या बाटलीलाच लोक पिकोलो म्हणायला लागले. आपण कसं कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसं.

इंग्लंडचं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण तिथे द्राक्षंही नव्हती. सॉमरसेट परगण्यातल्या शेप्टन मॅलेट गावात शॉवरिंग नावाचं कुटुंब पेअर फळाची फसफसणारी दारू करायचं. १९५३ साली त्यांनी ती 'बेबीशॅम' नावाने छोट्याशा बाटलीत देशभर आणली, वर हरणाच्या पाडसाचं चित्र. पबमध्ये पुरुष बिअरचे मोठे ग्लास घेऊन बसायचे, बरोबरच्या बाईला मनासारखं मागवायला फारसं काही नसायचं. आता तिला एकटीची, देखणी, फसफसणारी बाटली मिळाली, आणि ती तिने एकटीने संपवली तरी कोणी भुवया उंचावत नव्हतं. बघा, फळ गावातलंच, बाटली छोटी, आणि गिऱ्हाईक असं, ज्याच्याकडे आधी कोणी बघितलंच नव्हतं.

फ्रान्समध्ये तर शॅम्पेनचा मान असा की तिथे गंमत चालत नाही. पण पोमरी या नामांकित शॅम्पेन कंपनीने १९९९ मध्ये निळ्या छोट्या बाटलीत, स्ट्रॉ लावून प्यायची शॅम्पेन काढली. जाणकारांनी नाकं मुरडली असतील, पण डान्स करताना हातात ग्लास सांभाळायची कटकट गेली.

आणि आपल्याकडे?

फसफसणाऱ्या वाइनचं आपल्या राज्याशी जुनं नातं आहे. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावला फ्रेंच पद्धतीने स्पार्कलिंग बनवायला सुरुवात केली आणि 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशात विकली. त्या काळी नारायणगावची वाइन युरोपात जाते हे ऐकून लोकांना खरं वाटत नसे. मग नाशिक पुढे आलं. राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली, आणि २०१३ मध्ये फ्रान्सच्या मोएत हेनेसीने शाँदों हा आपला ब्रँड इथल्या द्राक्षांवर बनवून भारतात आणला. त्यांची वायनरी दिंडोरीला आहे. पुढे सुलाने 'दिया' आणि अकलूजच्या फ्रातेल्लीने 'टिल्ट' नावाने कॅनमध्येही फसफसती वाइन आणली. कॅन म्हणजे दुसरं काय, छोट्या बाटलीचाच धाकटा भाऊ.

पण आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण ऐका. डहाणूच्या पुढे घोलवड, बोर्डी. तिथला चिकू तुम्ही खाल्लाच असेल. 'डहाणू घोलवड चिकू'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. चिकूची अडचण प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. एकदा पिकला की दोन-चार दिवसांत खायचा, नाहीतर फेकायचा. बोर्डीच्या हिल झिल वाइन्सने, म्हणजे प्रियांका सावे आणि नागेश पै या जोडप्याने, या चिकूची हलकी फसफसणारी वाइन केली आणि 'फ्रुझान्ते' नावाने ३३० मिलीच्या बाटलीत आणली. मग अननस, आंबा, स्ट्रॉबेरी अशी फळंही घेतली.

इथे थांबून एक गोष्ट नीट बघा, कारण धंद्याची हुशारी नेमकी इथेच दडलेली आहे. बुडबुडे हलके असले की दाब कमी. दाब कमी म्हणजे ती जाडजूड काच नको, तारेचं बूच नको, बिअरसारखी बाटली आणि क्राउन झाकण पुरतं. अशा बाटल्या आणि झाकणं बाजारात तयार मिळतात, ती भरायची मशिनंही मिळतात. हाच हलका फसफसणारा प्रकार इटलीत 'फ्रिझान्ते' म्हणून ओळखला जातो. म्हणजे माल कसा बनवायचा आणि कोणत्या बाटलीत भरायचा, हे दोन निर्णय वेगळे नसतात. आपल्याकडे बहुतेक जण आधी माल बनवतात आणि मग बाटली शोधत मशीद बंदरला जातात.

आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. चिकूची वाइन कशी लागते, कोणाला माहीत? ७५० मिलीची बाटली घेऊन नाही आवडली तर? छोटी असली की माणूस म्हणतो, चल, बघू तरी. नव्या चवीचा माल असेल तर छोटी बाटली म्हणजे पैसे घेऊन दिलेलं सॅम्पल, एवढं लक्षात ठेवा.

क्वार्टरही छोटीच असते की!

आता कोणीतरी म्हणेलच, मॅडम, आपल्याकडे छोटी बाटली नवीन आहे का? खंबा, अद्धा, क्वार्टर, निप ही मापं तर रिक्षावाल्यालाही पाठ आहेत.

बरोबर. पण ती छोटी वेगळी आणि ही छोटी वेगळी. क्वार्टर का विकली जाते? खिशात तेवढेच पैसे असतात म्हणून. शाम्पूची पुडी का विकली जाते? तेच कारण. तामिळनाडूच्या सी. के. रंगनाथन यांनी चिक शाम्पू पुडीत घालून आधी रुपयाला आणि मग पन्नास पैशांना गावोगाव पोचवला, त्याची गोष्ट प्रत्येक मॅनेजमेंट कॉलेजात शिकवतात, आम्हालाही बीबीएला होती. ती झाली खिशासाठी छोटी. तिथे गिऱ्हाईक पैसा मोजतं. म्हणून शाम्पूची पुडी बऱ्याचदा मिलीमागे मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्तसुद्धा पडते. हा खेळ मोठ्या कंपन्यांचा. लाखोंनी पुड्या काढायच्या आणि एकेका पुडीवर पै-पै कमवायची. आपल्यासारख्याने यात उतरलं की संपलं.

स्पार्कलिंगची छोटी ही प्रसंगासाठी छोटी. तिथे गिऱ्हाईक मिलीचा भाव बघत नाही, उरणाऱ्या मालाची भीती बघतं. मोठी घेऊन चार ग्लास ओतून द्यायचे, त्यापेक्षा छोटीला मिलीमागे जास्त देणं त्याला परवडतं. घरगुती उद्योजकाला जागा आहे ती इथे.

तुमचा माल कोणत्या जातीचा? एकच प्रश्न विचारा: उघडल्यावर तो मरतो का? फसफसणारं पेय मरतं. खुसखुशीत चिवडा वसईच्या हवेत, विशेषतः जुलैमध्ये, अर्ध्या दिवसात मरतो. ताजा नारळ घातलेली चटणी मरते. पण मालवणी मसाला मरत नाही, लोणचं मरत नाही, मधही मरत नाही. त्यांचं पाकीट छोटं केलंत तर पॅकिंगचा खर्च वाढेल आणि गिऱ्हाईक म्हणेल, मोठंच द्या ना, काय फरक पडतो.

आता पाटी-पेन्सिल घ्या

माझी चूक सांगते म्हटलं होतं ना, ती इथे आहे. छोटी बाटली आणली तेव्हा मी किंमत लावली मोठीच्या साधारण चौथा हिस्सा. 'छोटी आहे, जास्त कसं सांगू' ही लाज. बाटल्या भराभर संपल्या आणि मी खूश. हिशोब केला तेव्हा कळलं, हॅम्परची टोपली आणि रिबन माझ्या खिशातून गेली होती.

हे कसं होतं ते आकड्यांत दाखवते. आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत, तुमचे वेगळे येतील. समजा ७५० मिलीच्या बाटलीत पेय ६० रुपयांचं, काच ३५, झाकण-लेबल १०, भरणावळ ५. एकूण ११०. एमआरपी २००. दुकानदाराने २० टक्के, म्हणजे ४० घेतले. तुमच्या हातात १६०, सुटले ५०.

आता बाटली पाव केली, १८७ मिली. पेय मात्र खरंच पाव होतं, १५ रुपये. काच पाव होत नाही, १४ लागते. झाकण तेवढंच, लेबल थोडं छोटं, मिळून ८. भरणावळ तेवढीच ५, कारण मशिनवर बाटली एकदाच चढते, छोटी असो की मोठी. बेरीज ४२. किंमत पाव लावली तर ५० रुपये. दुकानदाराचे १० गेले, हातात ४०. म्हणजे प्रत्येक बाटलीमागे २ रुपये खिशातून! आणि माल जितका जास्त खपेल तितका खड्डा मोठा.

तीच बाटली ७० ला लावा. दुकानदाराचे १४, हातात ५६, खर्च ४२, सुटले १४. चार छोट्या विकल्या तर ५६, मोठीच्या ५० पेक्षा बरे. म्हणजे मिलीमागे भाव ४० टक्क्यांनी जास्त लावला तेव्हा कुठे छोटी बाटली मोठीच्या बरोबरीला आली.

आणि हे लपवता येत नाही बरं का. पाकीटबंद मालावर आता एमआरपीबरोबर दर मिलीचा किंवा दर ग्रॅमचा भाव छापावा लागतो. मोठीवर मिलीला २७ पैसे, छोटीवर ३७ पैसे, शेजारी-शेजारी. ज्याचा माल उघडल्यावर मरतो त्याने घाबरायचं कारण नाही, गिऱ्हाइकाला कारण माहीत असतं. मसालेवाल्याला मात्र तो छोटा आकडा नडतो.

कायद्याचं, थोडक्यात पण महत्त्वाचं

दरवेळी कोणीतरी विचारतंच: वसईत नाताळला घरोघरी इतकी छान वाइन करतात, तीच छोट्या बाटलीत भरून विकली तर? नाही. परवान्याशिवाय दारू बनवून विकणं हा १९४९च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती जांभळाची असो की आल्याची, आणि ओळखीतल्या दहा जणांनाच का देत असेना. वाइन बनवायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, विकायला वेगळा. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला होता, पण विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. त्यामुळे किराणा किंवा गिफ्टच्या दुकानात ती ठेवायचा विचारही करू नका. आणि परवाना काढून बनवलीत तरी लेबलवर 'शॅम्पेन' लिहू नका. ते नाव फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशाचं आहे, आणि भारतातही त्याला भौगोलिक मानांकनाचं संरक्षण आहे.

आता बिनदारूच्या फसफसत्या पेयाकडे येऊ, म्हणजे आगाशीच्या ताईंकडे. त्यांचं खरं संकट बाटलीत नव्हतं, करात होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वायू भरलेल्या पेयांवर, त्यात फळाचा रस असला तरीही, जीएसटी ४० टक्के आहे. वायू न भरलेल्या फळांच्या पेयांवर ५ टक्के. वर, वायू भरलेलं पेय बनवणाऱ्याला कंपोझिशनची सवलतही मिळत नाही. सुरुवातीला उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर नोंदणी लागणार नाही, पण धंदा वाढला की लागणारच, आणि आपण धंदा वाढवायलाच काढतो ना? वरचीच ७० रुपयांची बाटली घ्या. त्यातले २० रुपये कर. उरलेल्या ५० मध्ये दुकानदार, काच, झाकण, पेय आणि तुम्ही. हे गणित बसतच नाही. बसवायला एमआरपी शंभराच्या आसपास न्यावी लागेल, आणि कोकम सोड्याला १८७ मिलीचे शंभर रुपये कोण देईल, ते तुम्हीच सांगा.

बुडबुडा काढून टाकला तर कर ५ टक्क्यांवर येतो, पण मग छोट्या बाटलीचं कारणच जातं. साधं कोकम सरबत उघडल्यावर फ्रिजमध्ये राहतं की. लोक म्हणतील, लिटरची द्या.

ताई थोड्या हिरमुसल्या. मग आम्ही तीन-चार जणी चहा घेत बसलो आणि त्यांनीच मार्ग काढला. बुडबुडा गिऱ्हाइकाने घरी घालायचा. त्या फक्त घट्ट कोकम अर्क विकणार, थोडं आलं आणि जिरं घातलेला, ६० मिलीच्या चिमुकल्या बाटलीत, बरोबर दोन ग्लासांपुरता. सोड्याची बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतेच. लेबलवर मोठ्या अक्षरांत: 'दोघांसाठी. थंडगार सोडा घाला.' काच जाड नको, दाबाचं झाकण नको, वायू भरायचं मशीन नको. अर्क उघडल्यावर लगेच मरत नाही हे खरं, पण सोडा मरतो. म्हणून दोघांपुरतं माप इथेही लागू पडतं. मला आधी शंका होती की लोक लिटरचाच अर्क मागतील. ताई म्हणाल्या, "घरी वापरायला मागतील. भेट द्यायला नाही मागणार."

त्यांनी पहिल्या ५० बाटल्या भरल्यात. अन्न परवान्याची नोंदणी झाली आहे. त्या अर्कावर जीएसटी नेमका कोणत्या दराने लागेल ते त्या सीएकडून लिहून घेणार आहेत, कारण सरबत, अर्क आणि रस यांचे कोड वेगळे असतात आणि तोंडी उत्तरावर मी कोणालाच लेबल छापू देत नाही. किंमत आम्ही काच, झाकण, लेबल आणि भरणावळीपासून वर चढत काढली, मोठ्या बाटलीला चाराने भागून नाही. २० बाटल्या माझ्या काउंटरवर ठेवल्या आहेत, आंटी नेहमी उभ्या राहतात त्याच जागी. किती गेल्या आणि त्यातल्या किती जणी परत आल्या, ते दोन महिन्यांनी व्हिडिओत आकड्यांसकट सांगेन.